पाचगणीचं बोर्डिंग, सांगलीतलं सीबीएसई की आहे तीच सेमी? पुढच्या कॉलेजला खरंच किती फरक पडतो?

हळदपेठ_सांगली

नमस्कार मंडळी. आमची मोठी मुलगी यंदा सातवीत आहे, विश्रामबागेत सेमीला, म्हणजे गणित-सायन्स इंग्लिशमधून आणि बाकी मराठीतून. अभ्यासात चांगली आहे, पाचवीची स्कॉलरशिप थोडक्यात हुकली, पण वाचायचा नाद लई आणि प्रश्न विचारून विचारून जीव नको करते. घरात दोन महिने एकच विषय चाललाय की आठवीपासून हिला कुठं घालायचं. माझी मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, मी बीकॉम, मिसेस डीएड, त्यामुळं या मोठ्या नावाच्या शाळांचं आतलं आम्हाला काही ठाऊक नाही म्हणून इथं विचारतोय.

एक पर्याय पाचगणीचा, आयसीएसई, बोर्डिंग. फी, मेस, कपडे, जाणं-येणं धरलं तर वर्षाला आमच्या दुकानातल्या दिवाणजींच्या दोन वर्षांच्या पगाराएवढं जातंय. ओढाताण करून जमेल, नाही असं नाही. दुसरा इथलीच सीबीएसई, तिथं आठवीपासूनच आयआयटी-नीट फाउंडेशन शाळेतच घेतात म्हणे. तिसरा म्हणजे आहे तिथंच दहावी करायची आणि अकरावीला काय ते बघायचं.

मिसेसच्या जाऊबाईंचा मुलगा पाचगणीला आहे, त्याचं इंग्लिश ऐकून आमची आई म्हणते पोरीला पण तिकडंच घाला, चार लोकांत नाव होतं. नावाचं मला वावडं नाही, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटेल. पण मागच्या आठवड्यात एका शाळेत चौकशीला गेलो होतो (नाव घेत नाही), ऑफिसात भिंतभर बोर्ड, आमची मुलं कुठं पोचली म्हणून, आयआयटी, एम्स, परदेशातली युनिव्हर्सिटी, सगळ्यांचे लोगो. मी विचारलं मॅडम ही कुठल्या वर्षाची मुलं, आणि त्या वर्षी एकूण होती किती? त्या बाईंनी नुसतं पान उलटलं आणि स्विमिंग टँकचा फोटो दाखवला. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

तर विचारायचं असं की नाव असलेल्या शाळेत घातल्यामुळं पुढं कॉलेज चांगलं मिळतं, की मुळात तिथं जातात तीच पोरं हुशार आणि घरची बरी असतात? आणि दोन शाळांची तुलना करायची झाली तर नेमकं काय विचारायचं? धाकटा चौथीत आहे, त्याचंही पुढं हेच येणार.

मिरज_जंक्शन

दादा बारा वर्षांची पोरगी लांब ठेवायची म्हणजे आधी तिला विचारा, बाकी सगळं नंतर. आमच्या मामेबहिणीला असंच नावासाठी घातलेलं, दर रविवारी फोनवर रडायची आणि घरचे म्हणायचे सवय होईल. झाली नाही सवय. नववीत परत आणली, ते वर्ष सगळं हातचं गेलं.

फिजिक्स_सातारा

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, २२ वर्षं झाली. दरवर्षी जूनमध्ये माझ्या वर्गात पाचगणीची, सीबीएसईची, रयतच्या शाळांची, वाई-कोरेगावच्या खेड्यातली अशी सगळीकडची पोरं एका बाकावर येऊन बसतात, त्यामुळं जे बघितलंय तेच सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या ॲडमिशनमध्ये शाळेच्या नावाला काडीची किंमत नाही. कॅप राउंडला, म्हणजे सरकारी ऑनलाइन जागावाटपात, पोरगी पाचगणीची की पलूसची हे कुणी बघत नाही, पर्सेंटाइल आणि कॅटेगरी बघतात आणि जागा देतात. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वालचंद कॉलेज आहे, १९४७ पासूनचं, अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं तिथं यायला धडपडतात, तिथं लागते ती सीईटी, राज्याची प्रवेश परीक्षा. सीईटी २०० मार्काची, निगेटिव्ह मार्किंग नाही, ८० टक्के भर बारावीच्या सिलॅबसवर आणि २० टक्के अकरावीच्या. आता सांगा, आठवीत कुठली शाळा होती याचा त्यात कुठं संबंध येतो? संबंध येतो तो एवढाच की त्या शाळेनं तिला गणित नीट समजावलं का आणि स्वतः बसून वाचायची सवय लावली का.

दुसरं, ते बोर्ड आणि फ्लेक्स वाचायला शिका, हे मी कळवळून सांगतोय कारण दरवर्षी पालक फसताना बघतो. निकाल लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावर एकाच पोराचा फोटो तीन-तीन फ्लेक्सवर असतो, शाळेच्या, क्लासच्या आणि टेस्ट सिरीजवाल्याच्या. तिघंही खोटं बोलत नाहीत, पोरगं तिघांकडंही गेलेलं असतं. पण तुम्ही तीन पोरं मोजता.

मग ‘क्वालिफाईड’ हा शब्द. नीट क्वालिफाईड म्हणजे डॉक्टर झालं असं लोक धरून चालतात. २०२५ ला नीटला देशात साधारण २२ लाख पोरं बसली, त्यातली १२ लाखांवर क्वालिफाय झाली, आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी-खाजगी सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे दहा क्वालिफाईडमागं जागा एक. जेईईचंही तसंच, मेनमधून अडीच लाख पोरं ॲडव्हान्सला जातात आणि आयआयटीच्या जागा १८ हजारांच्या घरात. शाळा ‘ॲडव्हान्स क्वालिफाईड १४’ लिहिते आणि आपण १४ आयआयटीयन वाचतो. आणि ९९ लिहिलं असेल तर ते टक्के की पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती पोरांच्या पुढं, हे बघा, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नीटच्या क्वालिफाईड पोरांमध्येही ४०० च्या घरातलं आणि ६०० च्या घरातलं यांची वाट पूर्ण वेगळी असते, बोर्डावर मात्र दोघांचा फोटो सारख्याच साइजचा.

तुम्ही त्या मॅडमना विचारलंत तोच प्रश्न बरोबर होता, फक्त आणखी खोलात जा. तीन वर्षांपूर्वी दहावीला किती होती? त्यातली अकरावीला तिथंच राहिली किती आणि बाहेरून नवीन घेतली किती? कारण बऱ्याच ठिकाणी दहावीनंतर अर्धा वर्ग पुण्या-मुंबईला जातो आणि बारावीच्या निकालात झळकतात ती दहावीचे मार्क बघून फी माफ करून आणलेली पोरं. आठवीत घातलेल्या तुमच्या पोरीचं त्या निकालाशी नातंच नाही. आणि वरच्या पाचांची नावं नका विचारू, ती सगळ्यांना पाठ असतात. वर्गात मधोमध जो मुलगा होता, ना वरचा ना खालचा, तो आज कुठं शिकतोय ते विचारा. शाळेनं काय केलं ते त्या मधल्या पोरात दिसतं, वरची पाच कुठंही वर आली असती.

बोर्डाचं म्हणाल तर स्टेट बोर्ड वाईट नाही. नीट-जेईईला एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईवाली, पुस्तकं लागतात हे खरं, पण अकरावीपासून मन लावून केलं तर सेमीची पोरं भरून काढतात. पहिले तीन-चार महिने इंग्लिशमधली थिअरी वाचताना धाप लागते, मग सुटतात. उलट फाउंडेशनच्या नावाखाली आठवीपासून रोज दहा तास बसवलेली पोरं अकरावीत येतात ती दमूनच येतात, मला ती लगेच ओळखू येतात, प्रश्न विचारायचं बंद झालेलं असतं त्यांचं. तुमची पोरगी प्रश्न विचारते म्हणालात ना, ते जपा.

हळदपेठ_सांगली

सर लई उपकार. हे फोटोचं डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही खरंच तीन पोरं मोजत होतो. एक विचारतो, मग अकरावीला क्लाससाठी राजस्थानात कोटा शहराला वगैरे? आमच्या शेजारच्यांनी पाठवलाय मुलगा.

फिजिक्स_सातारा

पाठवायला हरकत नाही पण एक गोष्ट नीट बघा. मेडिकलच्या आपल्या राज्याच्या ८५ टक्के जागा ज्या आहेत त्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास लागते, डोमिसाइल तर लागतंच. बारावी राजस्थानातून दाखवली की त्या जागा बहुतेक गेल्याच म्हणून समजा, मग राहतात देशपातळीवरच्या १५ टक्के आणि बाकीच्या लांबच्या. हा नियम माहीत नसल्यामुळं रडलेले आईबाप मी समोर बसलेले बघितलेत. दहावीनंतर बाहेरच्या राज्यात जायचं तर आधी त्या वर्षीचं माहितीपत्रक हातात घेऊन वाचा.

सिल्व्हरओक

मी इस्लामपूरची, पाचवी ते दहावी पाचगणीला बोर्डिंगला होते. शाळेचं नाव लिहीत नाही. वरती सगळे इंजिनिअरिंग-मेडिकलच्याच मापानं मोजतायत म्हणून लिहायला बसले.

मला पाचगणीनं काय दिलं तर पहिलं म्हणजे उभं राहून बोलायची भीती गेली. दर शनिवारी असेंब्लीत कुणीतरी पाच मिनिटं बोलायचं असा नियम होता, माझी पहिली पाळी आली तेव्हा मी सहावीत, हातातला कागद इतका थरथरत होता की पुढच्या रांगेतल्या मुलीनं उठून तो माझ्यासाठी धरला. आठवीत मी न बघता बोलत होते. लायब्ररी संध्याकाळी उघडी असायची आणि टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता, मग वाचण्यावाचून करणार काय. दुसरं, देशभरातल्या आणि बाहेरच्याही मुलींबरोबर राहिले, आपल्यापेक्षा पैशानं खूप वरच्या आणि काही अगदी साध्या घरातल्या, दोघींचे कपडे एकाच दोरीवर. पावसाळ्यात ते वाळायचेच नाहीत, जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या मोज्यांत पाय घालून वर्गात जायचं आणि कपाटातल्या स्वेटरला बुरशी यायची, हेही पालकांनी ऐकून ठेवावं, कारण शाळा बघायला सगळे ऑक्टोबर ते मे मध्येच येतात, आणि तेव्हा तिथलं टेबललँडचं पठार कुणालाही आवडेल.

आता निकालाचं. दहावीला मला चांगले मार्क पडले आणि घरच्यांच्या आग्रहानं पुण्यात अकरावी सायन्स घेतलं. तिथं आपटले. एवढ्या मोठ्या वर्गात, क्लासच्या धबडग्यात मला कुणी नावानं हाक मारेना आणि सीईटीचे तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवायची सवय मला कुणी लावलीच नव्हती. बारावी कशीबशी केली, मग लॉकडे वळले. तिथं मात्र पाचगणी उपयोगी पडलं, कारण क्लॅट २०२० पासून सगळी उताऱ्यांवर आहे, लांबलचक इंग्लिश उतारा वाचायचा आणि त्यावर प्रश्न, माझ्यासाठी ते रोजचं होतं. आज पुण्यात वकिली करते.

म्हणजे माझी शाळा चांगली होती का वाईट? मला विचाराल तर खूप चांगली, मी तिचं ऋण मानते. पण माझ्याच डॉर्ममधल्या ज्या मैत्रिणीला डॉक्टर व्हायचं होतं ती आजही म्हणते की तिची दोन वर्षं मागं पडली. शाळा तीच, बेड शेजारी शेजारी. दादा तुमच्या मुलीला नेमकं काय आवडतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

(आणि फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला हे आईंना सांगू नका, त्या लगेच फी भरतील. सेंट पीटर्समध्ये होता तो, आम्हाला तर प्रत्येक नवीन माणूस तेच विचारायचा.)

वालचंद_ते_बोस्टन

मूळचा तासगावचा, आता अमेरिकेत, माझी मुलं इथल्या साध्या सरकारी शाळेत आहेत. इथं हा वाद आपल्यापेक्षा जुना आणि कितीतरी जास्त पैशाचा आहे. फिलिप्स अँडोव्हर १७७८ ची, फिलिप्स एक्झिटर १७८१ ची, दोन्ही बोर्डिंग, वर्षाचा खर्च ६० हजार डॉलरच्या वर. एक्झिटरला वर्गात ओळीनं बाकं नसतात, लंबगोल टेबलाभोवती बाराएक पोरं आणि मास्तर बसतात, १९३० साली एका देणगीतून ती पद्धत आली. या शाळा दरवर्षी कुठल्या कॉलेजात किती गेले याची यादी लावतात, पालक ती भिंगातून वाचतात.

हळदपेठ दादांनी जे विचारलंय ना, शाळेमुळं की पोरामुळं, ते इथं अर्थशास्त्रज्ञांनी नीट मोजलंय. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेश परीक्षा घेऊन पोरं निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. त्यांनी काय केलं, कटऑफच्या अगदी वर राहून आत गेलेली पोरं आणि अगदी थोडक्यासाठी बाहेर राहिलेली पोरं घेतली. ही दोन्ही जवळजवळ सारखीच हुशार, फरक फक्त शाळेचा. पुढं मार्कांत आणि कॉलेजात फरक पडला का, तर जवळपास नाहीच. २०१४ ला छापून आलं ते. निकाल झळझळीत दिसतो कारण दारातूनच निवडून घेतात, हे सर वरती म्हणाले तेच.

पण खाजगी शाळांचं दुसरं अंग आहे. २०२३ ला हार्वर्डच्याच लोकांच्या अभ्यासात आलं की परीक्षेत सारखे मार्क असले तरी सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतली पोरं मध्यमवर्गीय पोरांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात त्या टॉपच्या कॉलेजात जातात. कारणं काय, तर आईबाप तिथलेच माजी विद्यार्थी असणं, खेळाडू म्हणून घेणं, आणि मार्काबाहेरचं जे बघतात त्यात खाजगी शाळेतल्या पोरांना वरचं रेटिंग मिळणं. इथं ॲडमिशनला शाळेच्या कौन्सिलरचं पत्र जातं, शाळेची माहिती जाते. म्हणजे सीईटीला शाळेचं नाव शून्य आणि अमेरिकेच्या अर्जात ते बोलतं, हा मोठा फरक आहे. म्हणून पाचगणीची एखादी शाळा परदेशातल्या कॉलेजची यादी दाखवत असेल तर विचारा की यातली किती स्कॉलरशिपवर गेली आणि किती स्वतःच्या पैशानं. पैसे भरून जाता येतील अशी कॉलेजं इथं पुष्कळ आहेत.

परदेशाचं खरंच मनात असेल तर आठवीपासून कर्ज काढायची गरज नाही. दहावीनंतर पुण्याजवळ मुळशीत महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९९७ पासून, दोन वर्षांचं आयबी (आंतरराष्ट्रीय बोर्ड), घरची परिस्थिती बघून फीमध्ये मदत देतात. तिथून पास झालेल्यांसाठी अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत डेव्हिस नावाची स्कॉलरशिप आहे. शाळेच्या नावानं थेट दार उघडतं असं मला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे हे. आणि तिथं निवड करताना प्रश्न विचारणारी, चार ठिकाणी धडपड केलेली पोरगी बघतात, आधीची शाळा किती महागडी ते नाही.

कॅडेट_सातारा

धाकट्यासाठी लिहितो. चौथीत आहे म्हणजे अजून वेळ आहे, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा विचार करा. देशातलं पहिलं सैनिक स्कूल, १९६१ चं, खाजगी नाही पण आपल्या भागात त्याच्याइतका मान दुसऱ्या शाळेला नाही असं मी छाती पुढं करून सांगतो. एअर चीफ मार्शल पी. व्ही. नाईक आमच्याच शाळेचे. सहावीला प्रवेश परीक्षा असते, ३०० पैकी १५० मार्क एकट्या गणिताला. तिथं तुलना सोपी आहे, शाळा काढलीच एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीसाठी, त्यामुळं एनडीएला किती गेले हा एकच आकडा विचारायचा. पण पोराला पहाटे उठून पळायचं आवडत नसेल तर मानासाठी घालू नका, मी स्वतः बघितलंय, सातवी-आठवीत कोमेजलेली पोरं दहावीपर्यंत तशीच राहतात.

हळदपेठ_सांगली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन आठवडे झाले, काय झालं ते सांगतो.

सिल्व्हरओक ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी त्याच रात्री पोरीला विचारलं की तुला काय आवडतं. तर म्हणाली, पप्पा हळद उकळल्यावरच पिवळी जर्द का होते, कच्ची असताना तोडली तर आतून वेगळीच दिसते. मला उत्तर आलं नाही. वीस वर्षं हळद विकतोय मी.

मग सर म्हणाले तसे प्रश्न कागदावर लिहून तिला घेऊनच दोन शाळांत गेलो. एका ठिकाणी सांगितलं आकडे देता येत नाहीत, गोपनीय असतात. दुसऱ्या ठिकाणच्या प्राचार्यांनी मात्र रजिस्टरच समोर ठेवलं, मागच्या तीन वर्षांतली दहावीची सगळी मुलं, कोण कुठं गेलं, आयटीआयला गेलेलीसुद्धा लिहिलेली. म्हणाले मधली पोरं बघायचीत ना, ही बघा. माझा जीव तिथंच निम्मा भांड्यात पडला. तोवर पोरगी लायब्ररीत गेली होती. पहिल्या शाळेत काचेची कपाटं होती, कुलूप लावलेली, पुस्तकं नवी कोरी. इथं तिनं एक पुस्तक काढून मागची चिठ्ठी मला दाखवली, जांभळे शिक्के एकावर एक, शेवटचा त्याच आठवड्यातला.

पाचगणी सध्या नाही. तिला घर सोडायचं नाही असं तिनं स्पष्ट सांगितलं आणि आईलाही मी ते नीट बसून समजावलं, थोडी नाराज आहे. आठवी आहे तिथंच सेमीला करायची, स्कॉलरशिपला मनापासून बसायचं, आणि नववीला त्या रजिस्टरवाल्या शाळेत जागा मिळते का बघायचं असं ठरवलंय. वाचलेल्या पैशातनं मिसेसनं घरात पुस्तकांसाठी कपाट करायला टाकलंय, बिनकुलपाचं.

स्कॉलरशिपच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुणाकडं असतील तर सांगा, सेमीच्या पाहिजेत.

फिजिक्स_सातारा

माझ्या मुलाच्या आहेत, तीन-चार वर्षांच्या. मेसेज करा, सांगलीला येणाऱ्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडं देतो. आणि हळदीचा तिचा प्रश्न आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना विचारून उत्तर त्याच पाकिटात घालतो.